विहिरीतला पिवळा खडा

नदीच्या पात्रात खेळताना तुम्ही गोटे वेचले असतील. हातात घेतला की सोडवत नाही, असा एखादा गुळगुळीत गोटा खिशात घालून घरीही आणला असेल. तो इतका गुळगुळीत कसा झाला? डोंगरातून नुकत्याच फुटलेल्या दगडाच्या कडा धारदार असतात. पाण्याबरोबर गडगडत, इतर दगडांवर घासत तो खाली येतो. वाटेत त्याच्या कडा झिजतात. म्हणजे गोटा तुम्हाला जेथे सापडला, तेथे तो तयार झालेला नाही. त्याचे मूळ गाव वेगळेच आहे.

दगडाचे मूळ गाव शोधून काढणे हे भूवैज्ञानिकांचे आवडते काम. आज आपणही एका खड्याचे मूळ गाव शोधू या. त्यासाठी मात्र थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील मिनीॲपोलिस या मोठ्या शहराजवळ ईडन प्रेरी नावाचे गाव आहे. प्रेरी म्हणजे गवताचे विस्तीर्ण मैदान. १८५२ साली एलिझाबेथ एलेट नावाच्या लेखिकेला हे मैदान इतके आवडले, की तिने त्याला ईडन प्रेरी, म्हणजे नंदनवनासारखे मैदान, असे नाव दिले. आता तेथे शहर वाढले आहे. आपल्याकडून गेलेली मराठी कुटुंबेही त्या भागात राहतात. गावाच्या दक्षिणेकडून मिनेसोटा नदी वाहते.

या गावात कोणी घराचा पाया खणला, तर काय निघते? चिकणमाती, वाळू, बारीक खडी आणि मधूनच डोक्याएवढे धोंडे. सगळे एकमेकांत मिसळलेले. आता विचार करा. नदी असे करील का? नदी शिस्तीची असते. तिचा वेग कमी झाला, की ती जड धोंडे आधी टाकते, मग खडी, मग वाळू, आणि बारीक गाळ सर्वांत शेवटी. येथे तर कोणी निवडानिवड केलेलीच दिसत नाही. ही सरमिसळ केली कोणी?

ती केली बर्फाने. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाखाली होता. हिमवर्षाव होऊन त्याचे थरावर थर साचले आणि कॅनडात बर्फाची जाडी दोन-तीन किलोमीटर झाली. एवढे ओझे जागच्या जागी राहत नाही. ते आपल्याच भाराने हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागले. सरकताना बर्फाने खालचा खडक खरवडला, दगड उचलले आणि पोटात घेऊन शेकडो किलोमीटर वाहून नेले. पुढे हवा उबदार झाली, बर्फ वितळला आणि पोटातले सारे होते तसे खाली पडले.

मिनेसोटाच्या खडीत तांबड्या रंगाचे, वर्तुळाकार पट्ट्यांचे अकीक सापडतात. मुले ते हौसेने गोळा करतात. त्यांचे मूळ गाव उत्तरेकडच्या सुपीरियर सरोवराजवळ आहे. तेथे सुमारे एकशे दहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरला होता. त्या खडकातील पोकळ्यांत हे अकीक तयार झाले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही पोकळ्या असतात आणि त्यांत अकीक मिळतात. फरक एवढाच, की मिनेसोटाच्या अकिकांना बर्फाने प्रवास घडवला.

बर्फाने अकीक आणले, तसे आणखीही काही आणले असेल का? या प्रश्नाचे उत्तर ईडन प्रेरीच्या आग्नेयेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, विस्कॉन्सिन राज्यातील ईगल नावाच्या गावात मिळाले.

१८७६ साली तेथील एका शेतात विहीर खणण्याचे काम चालले होते. शेत कुळाने केलेले होते. कुळाचे नाव चार्ल्स वुड. साठ-पासष्ट फूट खोल गेल्यावर कठीण मातीत एक पिवळसर, चकाकणारा खडा निघाला. दिसायला बरा होता, म्हणून वुड यांनी तो घरी ठेवला. पुढे सात वर्षे तो घरातच होता. १८८३ साली त्यांची पत्नी क्लॅरिसा वुड तो खडा घेऊन मिलवॉकी शहरातील एका जवाहिऱ्याकडे गेली. जवाहिऱ्याचे नाव सॅम्युएल बॉइंटन. हा पुष्कराज असावा, असे दोघांनाही वाटले. बॉइंटनने खड्याचा एक डॉलर देऊ केला. तेव्हा ती परत गेली. पण पुढे पैशांची नड पडली आणि तिने तो खडा एक डॉलरलाच विकून टाकला.

तो पुष्कराज नव्हता. तो हिरा होता! वजन सुमारे १६ कॅरेट. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. तेव्हा हा खडा तीन ग्रॅमच्या आसपास भरला. तीन ग्रॅम म्हणजे फारसे काही नाही, असे तुम्हाला वाटेल. पण अंगठीत बसवतात ते हिरे बहुधा एका कॅरेटचेही नसतात.

खरी गोष्ट कळल्यावर क्लॅरिसा वुड पुन्हा दुकानात गेली. तिने एक डॉलर आणि त्यावर दहा सेंट व्याज पुढे ठेवले आणि आपला खडा परत मागितला. बॉइंटनने तो दिला नाही. भांडण न्यायालयात गेले. १८८५ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. विकणारीला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही तो हिरा आहे हे माहीत नव्हते; कोणी कोणाला फसवले नाही; म्हणून झालेली विक्री कायम. वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. बॉइंटनने पुढे तो हिरा न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध पेढीला ८५० डॉलरना विकला. निकाल कायद्याला धरून होता. पण वाचताना आपला जीव क्लॅरिसाबाईंसाठीच हळहळतो, नाही का?

त्यानंतर त्या भागातील खडीत आणखीही काही हिरे सापडले. लोक म्हणू लागले, आता येथे हिऱ्यांची खाण निघणार! पण खाण निघेना. एखादा हिरा येथे, तर दुसरा पन्नास कोसांवर. विस्कॉन्सिन विद्यापीठात विल्यम हॉब्ज नावाचे भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी नकाशा घेतला आणि हिरे सापडलेल्या जागांवर खुणा केल्या. मग त्यांनी खडकांवरचे ओरखडे पाहिले. बर्फ सरकताना त्यात रुतलेले दगड खालच्या खडकावर ओरखडे काढत जातात. बर्फ कोणत्या दिशेने आला, हे त्या ओरखड्यांवरून समजते. हॉब्ज यांनी त्या रेषा मागे मागे नेल्या. त्या उत्तरेकडे, कॅनडातील हडसन उपसागराच्या बाजूला जात होत्या. १८९९ साली त्यांनी लिहिले, की हे हिरे येथले नाहीत. ते बर्फाबरोबर कॅनडातून आलेले आहेत. त्या वेळी कॅनडात हिऱ्याची एकही खाण नव्हती.

नव्वद वर्षांनी चार्ल्स फिप्के आणि स्ट्युअर्ट ब्लुसन या दोन भूवैज्ञानिकांनी कॅनडाच्या उत्तर भागात तसाच माग काढला. फाटक्या पोत्यातून दाणे सांडत गेले, तर त्या दाण्यांवरून पोते कोठून निघाले ते कळते ना? तसे बर्फाने सांडलेले लालसर गार्नेटचे कण वेचत ते अनेक वर्षे उलट दिशेने चालत राहिले. अखेर १९९१ साली त्यांना हिरे धारण करणारा मूळ खडक सापडला. १९९८ साली तेथे खाण सुरू झाली. हडसन उपसागराच्या दक्षिण टोकाजवळही हिऱ्यांचा खडक मिळाला आणि २००८ ते २०१९ या काळात तेथे खाण चालली. हॉब्ज यांनी दाखवलेली दिशा चुकीची नव्हती. ईगलचा हिरा नेमका कोणत्या खडकातून निघाला, हे मात्र आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

बर्फाने हिरा आणला, हे झाले. पण बर्फ काही हिरे बनवत नाही. मग त्या कॅनडातल्या खडकात तरी हिरा कोठून आला?

तुमच्या कंपासपेटीत शिसपेन्सिल आहे. तिच्यातले काळे शिसे म्हणजे ग्रॅफाइट. ते कार्बनचे असते. हिराही कार्बनचाच. एकच पदार्थ, पण त्याचे कण रचण्याची तऱ्हा वेगळी. ग्रॅफाइटमध्ये कणांचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक असतात आणि सहज सरकतात. म्हणूनच कागदावर अक्षर उमटते. हिऱ्यात प्रत्येक कण चारही बाजूंनी शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. ही घट्ट रचना होण्यासाठी प्रचंड दाब लागतो. पृथ्वीच्या पोटात सुमारे दीडशे ते दोनशे किलोमीटर खोलीवर तो मिळतो. तेथे दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नास हजार पट असतो आणि उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. बहुतेक हिरे तेथे शंभर कोटी ते तीनशे कोटी वर्षांपूर्वी तयार झाले.

माणूस तेथे जाऊ शकत नाही. रशियातील कोला द्वीपकल्पात जमिनीला पाडलेले भोक १९८९ साली बारा किलोमीटरपेक्षा थोडे अधिक खोल गेले. सर्वांत खोल म्हणून त्याचे नाव आहे. दीडशे किलोमीटरपुढे ते काहीच नाही. आपण खाली जाऊ शकत नाही. पण हिरे वर येऊ शकतात. खोलवर तयार झालेला एका खास प्रकारचा शिलारस, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांच्या जोराने, खडक फोडत वर उसळतो. सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. हा रस वाटेतले दगड आणि त्यांतले हिरे घेऊन काही तासांत, फार तर काही दिवसांत पृष्ठभागाशी पोहोचतो. हीच घाई हिऱ्याच्या कामी येते. तो सावकाश वर आला असता, तर कमी दाबात आणि त्याच उष्णतेत त्याचे ग्रॅफाइट झाले असते. वर आल्यावर हा रस थिजतो आणि गाजराच्या आकाराचा, वर रुंद व खाली निमुळता असा खडकाचा नळ तयार होतो. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली गावावरून या खडकाला किंबर्लाइट म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेतच, प्रीटोरिया शहराजवळच्या खाणीत, २६ जानेवारी १९०५ रोजी जगातला सर्वांत मोठा रत्नाच्या प्रतीचा हिरा मिळाला. त्याचे नाव कलिनन. वजन ३,१०६ कॅरेट, म्हणजे ६२१ ग्रॅम! वाण्याकडून अर्धा किलो साखर आणलीत, तर त्या पुडीपेक्षाही तो जड. २०१५ साली बोट्स्वाना देशातील कारोवे खाणीत १,१०९ कॅरेटचा हिरा मिळाला आणि २०२४ साली त्याच खाणीत जवळजवळ अडीच हजार कॅरेटचा. पूर्वी खाणीत खडक यंत्राने भरडत असत. त्यात किती मोठे हिरे फुटून गेले असतील, कोण जाणे! आता भरडण्याआधी क्ष-किरणांनी पाहतात.

असे थोरले हिरे इतर हिऱ्यांसारखे नसतात, हे जाणकारांच्या पूर्वीच लक्षात आले होते. साध्या हिऱ्यात थोडा नायट्रोजन मिसळलेला असतो. त्यामुळे हिऱ्याला पिवळसर छटा येते. ईगलचा हिरा पिवळा होता, तो बहुधा यामुळेच. थोरल्या हिऱ्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतो. ते पाण्यासारखे स्वच्छ असतात. साध्या हिऱ्यांचे स्फटिक पुष्कळदा आठ पैलूंचे, नीटस असतात. थोरले हिरे मात्र ओबडधोबड, कडा विरघळल्यासारखे. मग यांचा जन्मही वेगळ्या ठिकाणी झाला असेल का? हे ठरवायचे कसे?

गुळाच्या ढेपेत कधी कधी उसाचा एखादा धागा अडकलेला असतो. तो पाहिला, की गूळ कशापासून झाला ते न सांगता कळते. हिरा वाढतानाही भोवतालचे कण त्याच्या पोटात अडकतात. जवाहिरे त्यांना डाग म्हणतात. डाग असलेला भाग पैलू पाडताना कापून टाकतात, कारण डागी हिऱ्याला किंमत कमी येते. शास्त्रज्ञांना हवे होते ते नेमके हे डागच! पण थोरला हिरा कापून पाहायला कोण देणार? शेवटी त्यांनी पैलू पाडताना निघालेले तुकडे मिळवले. त्यांत काही अख्खे हिरेही होते. अशा ५३ नमुन्यांची तपासणी अमेरिकेतील रत्नविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांतल्या ३८ नमुन्यांत रुपेरी चमकीचे बारीक कण होते. ते कण लोखंड, निकेल, कार्बन आणि गंधक यांच्या मिश्रणाचे निघाले. हे हिरे वितळलेल्या धातूच्या थेंबांत वाढले होते. पातेल्यातल्या पाकात खडीसाखर वाढते, तसे धातूत विरघळलेल्या कार्बनमधून हिरे वाढले. विशेष म्हणजे कारखान्यात कृत्रिम हिरे करतानाही वितळलेली धातू वापरण्याची रीत १९५४ सालापासून आहे. माणसाला युक्ती सुचली, तेव्हा पृथ्वी आपल्या पोटात तेच करत आली आहे हे त्याला माहीतही नव्हते.

काही नमुन्यांत गार्नेटच्या जातीचे एक खनिज मिळाले. ते फार मोठ्या दाबाखालीच बनते. त्यावरून खोलीचा हिशेब लागला. थोरले हिरे ३६० ते ७५० किलोमीटर खोलीवर तयार झाले होते! मुंबईहून नागपूर सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आत आहे. तेवढे अंतर आडवे न जाता सरळ खाली गेलात, तर तुम्ही त्या थरात पोहोचाल.

हे सर्व वाचताना तुम्हाला कोहिनूर आठवला असेल. तोही नायट्रोजन नसलेल्या स्वच्छ हिऱ्यांपैकीच. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या मंदिरात एक मोठा हिरा होता. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि पुढे नाशिकचा हिरा म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरी या ग्रंथात आहे. पण सर्वांत नावाजलेले हिरे गोवळकोंड्याचे. गोवळकोंड्याला खाण नव्हती, तेथे बाजारपेठ होती. हिरे यायचे कृष्णा नदीच्या काठच्या कोल्लूरसारख्या गावांतून. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात कोल्लूरला गेला होता. तेथे साठ हजार माणसे काम करतात, असे त्याने लिहून ठेवले. ही माणसे खडक फोडत नव्हती. नदीकाठची खडी खणून, धुऊन, चाळून हिरे शोधत होती. आज तो परिसर धरणाच्या पाण्याखाली गेला आहे.

खडीतले हिरे! म्हणजे येथेही तोच प्रश्न: त्यांचे मूळ गाव कोणते? २०२५ साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाचे उत्तर सुचवले. आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात वज्रकरूर नावाचे ठिकाण आहे. तेथे किंबर्लाइटचे नळ आहेत. संशोधकांनी त्या खडकांचा अभ्यास केला, उपग्रहांनी घेतलेली चित्रे तपासली आणि जुन्या नदीच्या बुजलेल्या वाटेच्या खुणा शोधल्या. गोवळकोंड्याचे थोरले हिरे सुमारे तीनशे किलोमीटर दूरच्या या वज्रकरूरहून नद्यांनी वाहून आणलेले असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. संस्कृतात वज्र म्हणजे हिरा. गावाच्या नावातच खूण होती म्हणायची. कॅनडातून बर्फाने हिरे नेले, आपल्याकडे ते काम नदीने केले.

आणि ईगलचा तो पिवळा खडा? तो पुढे न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवला होता. २९ ऑक्टोबर १९६४ च्या रात्री चोरांनी संग्रहालयात शिरून कित्येक रत्ने पळवली. चोर दोनच दिवसांत पकडले गेले. ‘स्टार ऑफ इंडिया’ नावाचा प्रचंड नीलम काही आठवड्यांनी एका बसस्थानकावरच्या कपाटात सापडला. ईगलचा हिरा मात्र मिळाला नाही. चोरांनी तो कापून त्याचे लहान हिरे केले असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्याच्या पोटात एखादा डाग असता, तर कॅनडातल्या कोणत्या खडकातून तो आला, हे आजच्या यंत्रांनी कदाचित सांगितले असते. तसे पाहायला तो खडा हाती असायला हवा होता.